स्थळांच्या वहीला कुलूप

मीराबाई सबनीसांचं पत्र मला १९९९च्या एप्रिलात आलं, आणि ऑक्टोबर संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहान होतं. भोपाळला भावाच्या घरात आता पुतण्यांचे संसार मावत नाहीत, उज्जैनला नानाखेड्यात बस स्टँडजवळ दोन खोल्यांची जागा मिळते आहे, जागेचे मालक ओळखीचे असल्यामुळे दिवाळीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत थांबायला तयार आहेत, एवढं लिहून शेवटी त्यांनी म्हटलं होतं: "उज्जैनमध्ये तुमच्याशिवाय मला कुणी ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. येऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर राग येणार नाही. उत्तरच दिलं नाहीत तर येईल."

त्या आणि मी १९६१ साली ग्वाल्हेरला ग्रंथपालांच्या वर्गात तीन महिने एका बाकावर बसलो होतो. माझी सूचीची कार्डं त्या तपासत आणि चुका पेन्सिलीने दाखवत, म्हणजे नंतर खोडता याव्यात. पुढे त्या भोपाळला मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल झाल्या, मी उज्जैनला आमच्या मराठी वाचनालयात आलो. दर दिवाळीला एक पत्र त्यांचं, एक माझं. अडतीस वर्षं. त्यात पुस्तकांखेरीज काही नसे. लग्न त्यांनी केलं नाही, मीही नाही, आणि का नाही हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

खरं तर उत्तर सोपं होतं. "या." एक अक्षर. पण पोस्टकार्डावर एक अक्षर लिहिलं की ते पोस्टमन वाचतो, आणि पानभर लिहिलं की त्या वाचतात. मी अकरा मसुदे केले. एकात फक्त नानाखेड्याच्या पाणीपुरवठ्याची माहिती होती. तो त्यातल्या त्यात बरा होता. एसटीडी बूथवर तीनदा गेलो. काचेच्या खोलीबाहेर लोक रांगेत उभे राहून आतल्या माणसाच्या तोंडाकडे बघत असतात. ते पाहून तीनदा परत आलो.

अशात वाचनालयात कम्प्युटरचं प्रकरण निघालं.

आमचं वाचनालय फ्रीगंजात आहे. पुस्तकं नेणारे थोडे, पण वधू-वर विभाग जोरात चाले. उज्जैन, देवास, इंदूरकडच्या मराठी घरांतली स्थळं एका जाड वहीत लिहिलेली असत: नाव, गोत्र, शिक्षण, उंची, पत्रिका, अपेक्षा, आणि शेवटच्या रकान्यात कुणी कुणाला नकार दिला आणि का. ती वही माझ्या ताब्यात. "सगळ्या गावाची लग्नं ह्यांच्या कपाटात आणि हे स्वतः बाहेर," असं कुसुमताई म्हणत. कुसुमताई कार्यकारिणीत होत्या आणि हे वाक्य त्या वीस वर्षं दर वार्षिक सभेत म्हणत आल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात देवासच्या एका मुलाची उंची वहीत पाच फूट चारची पाच फूट सात झाली. मुलगी बघायच्या दिवशी तो नमस्काराला उभा राहिला तेव्हा मुलीच्या आईला वाटलं, अजून बसलाच आहे. मग एका मुलीचा मंगळ नाहीसा झालेला आढळला. पाठोपाठ कुणीतरी नकारांचा रकाना वाचला आणि दोन घरांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. मी दुपारी जेवायला जाताना कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगून जात असे. चूक माझी होती. तसं मी सभेत सांगितलंही, पण हळू बोललो म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

बापू आमचे अध्यक्ष. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. ते म्हणाले, "किल्ली बदलून भागणार नाही. कम्प्युटर घ्या. सगळं जग घेऊन राहिलंय. दोन हजार साल दाराशी आलं आणि आपण अजून शाईने मंगळ लिहितोय."

कम्प्युटर घ्यायचा यावर दोन मिनिटांत एकमत झालं. पण त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची यावर दोन महिने भांडण चाललं.

एक पक्ष विक्रांतचा. टॉवर चौकात त्याचे कम्प्युटरचे क्लास होते आणि तो फारच आनंदी माणूस होता. "विंडोज घ्या, काका. मराठी येतं, छापता येतं, रंग आहेत, चित्रं आहेत. एकदम आसान. कुसुमताईसुद्धा चालवतील."

दुसरा पक्ष केतकीचा. ती इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत असे आणि हसायच्या आधी विचार करत असे. "कुणीही चालवेल हाच तर प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली. "वहीसुद्धा कुणीही चालवत होतं. लिनक्स घ्या. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. ज्याची फाइल असेल त्याने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याला उघडत नाही."

"मराठी येतं का त्यात?" विक्रांतने विचारलं.

"इंग्रजी अक्षरांत लिहायचं."

"आणि छापायचं कसं?"

"आपला प्रिंटर अजून लिनक्सशी बोलत नाही," केतकीने कबूल केलं.

"म्हणजे मराठी नाही, छपाई नाही. कुलूप पक्कं आहे, भाई, पण आत घर नाही."

बापूंनी हात वर केला. "आधी मला सांगा, ही ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?"

"स्टेशन मास्तर समजा," केतकी म्हणाली. "गाड्या वेगळ्या, फलाट वेगळे. पण कुणी कुठे शिरायचं ते तो ठरवतो."

बापू एकदम तिच्या बाजूला झुकले. मग तिने आपलं यंत्र लावून दाखवलं, तसे पुन्हा सरळ झाले. पडदा काळा होता आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"हे चालू आहे की बंद?"

"चालू आहे."

"मग काही दाखवत का नाही?"

"विचारल्याशिवाय दाखवत नाही."

"आपल्या बिनीवाल्यांसारखं आहे तर," कुसुमताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या काळ्या पडद्याबद्दल मला जवळीक वाटू लागली.

शेवटी बापूंनी निकाल लावायची युक्ती काढली. येत्या रविवारी दोन्ही यंत्रं हॉलमध्ये मांडायची. दोन्हींत एकेक मजकूर कुलूपबंद करून ठेवायचा. सभासदांनी एकेक करून बसायचं, प्रत्येकाला तीन खेपा, मुदत चार वाजेपर्यंत, कीबोर्ड आणि माउसखेरीज कशाला हात लावायचा नाही. जे यंत्र उघडेल ते हरलं. मजकूर काय आहे हे उघडणाऱ्याने सर्वांना वाचून दाखवायचं, म्हणजे कुणी थापा मारणार नाही.

"मजकूर लिहील कोण?" कुसुमताईंनी विचारलं.

बापू म्हणाले, "बिनीवाले. वही त्यांनीच सांभाळायची आहे, आणि ह्यांच्या तोंडून आजवर काही बाहेर पडलेलं नाही."

शनिवारी दुपारी मी आधी विक्रांतच्या यंत्रापुढे बसलो. तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "लिहा काका, टेन्शन नका घेऊ." कुणी मागे उभं असलं की मला माझं नावही नीट लिहिता येत नाही. मी वाचनालयाचे नियम लिहिले. एका वेळी दोनच पुस्तकं मिळतील. पानांचे कोपरे दुमडू नयेत. त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण त्याने पासवर्ड घालून यंत्र बंद केलं.

केतकीचं वागणं वेगळं होतं. "मजकूर मीसुद्धा बघायचा नाही," ती म्हणाली. मग पासवर्डचे नियम सांगितले: स्वतःचं नाव नको, जन्मतारीख नको, देवाचं नाव नको; तुम्ही कधी विसरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असा शब्द, आणि त्याला जोडून एक आकडा. फाइल कशी उघडायची, कशी मिटायची ते कागदावर लिहून दिलं आणि ती चहाला निघून गेली. दार लोटून घेतलं.

हॉलमध्ये मी एकटा होतो. समोर काळा पडदा, लुकलुकती रेघ. वाट बघण्यात ती फार शांत होती.

पासवर्डाचा शब्द मला चटकन सुचला. केळशी. कोकणातलं आमचं मूळ गाव. आमचा पूर्वज तिथून फौजेबरोबर माळव्यात आला त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली. मी ते गाव कधी पाहिलेलं नाही आणि उज्जैनमध्ये त्याचं नाव कुणाच्या तोंडी यायचं काही कारण नाही. त्या पूर्वजापासून मी सातवा, म्हणून सात. kelshi7. इतका चतुर शब्द मी काढला याचं मलाच नवल वाटलं.

मग मजकूर लिहायला बसलो आणि बोटं आपोआप M वर गेली.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना मी जणू दुसराच कुणी होतो. ते माझं हस्ताक्षर नव्हतं, माझी लिपी नव्हती, शाई नव्हती. मीराबाई, या. नानाखेड्याची जागा घ्या. पाणी सकाळी सहाला येतं, तुम्हाला लवकर उठवत नसेल तर मी येऊन भरून ठेवीन. अडतीस वर्षं मी तुम्हाला पुस्तकांबद्दल लिहिलं. त्यातली निम्मी पुस्तकं तुम्हाला काही लिहिता यावं म्हणूनच वाचली. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली कार्डं माझ्याकडे आहेत, मी एकही खोडली नाही. उशीर झाला याची क्षमा मागत नाही, कारण उशीर सहा महिन्यांचा नाही. लवकर या. आठ ओळी. खाली सही करायचं धैर्य तिथेही झालं नाही.

फाइल मिटली, यंत्राने पुन्हा नाव विचारलं, आणि मी इतका हलका झालो की घरी जाताना चुकीच्या गल्लीत शिरलो.

उद्या ते कुणी उघडलं तर वाचून दाखवतील, हे मला रात्री जेवताना आठवलं. घास हातातच राहिला.

रविवारी हॉल भरला होता. वार्षिक सभेला पंधरा माणसं जमत नाहीत; इथे शंभर तरी असतील. ज्यांची मुलं लग्नाची ते सगळे, आणि ज्यांची नव्हती तेही. कुणीतरी पोह्यांचं पातेलं आणलं होतं, त्यावर शेव, आणि बापू हातात शिट्टी घेऊन मध्ये उभे होते.

पहिली पाळी कुसुमताईंची, विंडोजवर. रंगीत पडद्यावर एक लहानशी चौकट आली, नाव आणि पासवर्ड मागणारी. कुसुमताईंनी चष्मा वर केला, खाली केला, मागे शंभर माणसांकडे पाहिलं. "नको बाई," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं, दुसऱ्या कुणाला बसू द्या." आणि 'कॅन्सल' लिहिलेलं बटण त्यांनी सौजन्याने दाबलं.

चौकट गेली आणि यंत्र उघडलं. निळा पडदा, चित्रं, आणि मध्यावर माझी फाइल.

चष्मा पुन्हा खाली आला. मग कुसुमताईंनी मोठ्याने वाचलं, "एका वेळी दोनच पुस्तकं मिळतील."

विक्रांत धावत आला. "ते तसं नाही, कुसुमताई. तुम्ही कॅन्सल केलंत."

"हो ना. तेच विचारतेय. मी नाही म्हटलं, तरी त्याने आत का घेतलं?"

"घरगुती वापराला बनवलंय, ताई. घरात कोण कुणाला अडवतं?"

"आमच्या घरात ये एकदा," गर्दीतून कुणी म्हणालं, आणि हॉल जो हसायला लागला तो बापूंनी शिट्टी वाजवली तरी थांबेना. विक्रांतही हसत होता. तो हसू शकतो हे बघून मला तो फार आवडला. आता सगळी गर्दी केतकीच्या यंत्राकडे वळली.

आणि ते उघडेना. विक्रांतने नियम सोडून आधी फ्लॉपी घालून बघायचं म्हटलं, तर फ्लॉपीचा ड्राइव्हच केतकीने काढून घरी ठेवला होता. मग लोक शब्द घालू लागले. माझं नाव, वडिलांचं नाव, वाचनालयाच्या स्थापनेचं साल. देव नाही असं सांगूनही तिघांनी महाकाल घातला आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा वेगळं स्पेलिंग करत होता. बापूंनी मालवा एक्सप्रेस घातली, मग तिचा गाडीनंबर, मग म्हणाले, "हा माणूस कधी गावाबाहेर तरी गेलाय का?"

"ह्यांना आवडतं काय, ते आधी सांगा," कुसुमताई म्हणाल्या.

"पुस्तकं."

"ते घातलं. अजून?"

"चहा बिनसाखरेचा घेतात."

"ते आवडत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घेतात."

"मग काय आवडतं?"

मी त्यांच्यासमोरच उभा होतो. चाळीस वर्षं ज्यांना पुस्तकं दिली ती माणसं माझ्या आवडीनिवडीवर डोकं खाजवत होती, आणि मला एकाच वेळी सुरक्षित आणि फार एकटं वाटत होतं. तीन वाजेपर्यंत साठेक जण हरले. केतकीच्या चेहऱ्यावर विचार करून झाल्यावरचं हसू येऊ लागलं. एक तास राहिला होता. तो गेला की फाइल बंद, मी सुखरूप.

तेवढ्यात यज्ञेश्वर गुरुजी आले.

गुरुजी राम घाटावरचे तीर्थपुरोहित. दर रविवारी आमच्याकडे पत्रिका जुळवायला येत. आज यजमान जास्त होते म्हणून उशीर झाला होता. त्यांच्या घरी कापडात बांधलेल्या वंशावळींच्या वह्या आहेत. घाटावर कुणी मराठी माणूस उतरला की ते गोत्र विचारतात, मूळ गाव विचारतात, आजोबांचं नाव विचारतात. तिन्ही जुळली तरच वही उघडतात, आणि त्या घराचं पान त्या घराखेरीज कुणाला दाखवत नाहीत. वही उघडली की आलेल्या माणसाने आपल्या हाताने आपलं नाव खाली लिहायचं.

त्यांनी पोहे नाकारले, पाणी प्यायले, आणि केतकीने नियम सांगितले ते डोळे मिटून ऐकले. विसरणार नाही असा शब्द. दुसऱ्याला सुचणार नाही असा. शेवटी एक आकडा.

"कुणी निवडलाय?" त्यांनी विचारलं.

"बिनीवाल्यांनी."

"हं," गुरुजी म्हणाले आणि बसले.

त्या "हं"ने मला ते आठवलं. वडिलांच्या श्राद्धाला मी राम घाटावर याच गुरुजींपुढे बसलो होतो. गोत्र, गाव, आजोबा, सगळं मीच सांगितलं होतं, आणि सहा नावांखाली सातवं माझं, माझ्या वळणदार अक्षरात, मीच लिहिलं होतं. हॉलमधल्या सगळ्यांची गावं गुरुजींच्या वह्यांत आहेत. अख्ख्या उज्जैनमध्ये एकच माणूस असा होता की ज्याला माझं गुपित ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे मी ते स्वतः चालत नेऊन दिलं होतं.

गुरुजींना यजमानांचे पत्ते लिहून इंग्रजी अक्षरं येत. एका बोटाने, प्रत्येक अक्षराआधी कीबोर्डावर वरून खाली शोध घेत, त्यांनी kelshi लिहिलं. उघडलं नाही. मी श्वास सोडला. ते थांबले, आणि अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून मोजू लागले. ओठ हलत होते. आमचे पूर्वज एकेक करून त्यांच्या बोटांवरून जात होते. चौथा, पाचवा, सहावा. अंगठा पुढच्या पेरावर टेकला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पडदा उघडला. केतकीने कागदावर लिहिलेल्या आज्ञा बघून त्यांनी फाइल उघडली.

गुरुजींना पुटपुटत वाचायची सवय आहे. "मी... रा... बा..." एवढं मला ऐकू आलं. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो, बापू पाच हातांवर, कुसुमताई सात. "ई..." म्हणून गुरुजी थांबले. त्यानंतर फक्त त्यांचे डोळे चालत राहिले, ओळीवरून ओळीवर, सावकाश. आठव्या ओळीखाली ते क्षणभर रेंगाळले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, आणि पडद्यावर पसरलं.

"उघडलं," ते म्हणाले.

हॉलमध्ये गलका झाला. बापूंची शिट्टी. "वाचा, गुरुजी, वाचा."

"नाही वाचणार."

"नियम आहे."

"तुमचा आहे. माझ्या वह्यांचा वेगळा आहे. ज्याचं पान त्याला."

"मग तुम्ही उघडलंत हे आम्ही कशावरून मानायचं?"

गुरुजींनी विचार केला. "आठ ओळी आहेत. खाली सही नाही. बिनीवाले, खरं की खोटं?"

शंभर तोंडं माझ्याकडे वळली. "खरं," मी म्हणालो. चाळीस वर्षांत प्रथमच मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असावं.

"सही नाही?" कुसुमताई म्हणाल्या. "म्हणजे पत्र आहे." या बाईंची बुद्धी पत्रिका जुळवण्यात वाया गेली.

पण विक्रांतने मला वाचवलं. तो ओरडला, "म्हणजे तुमचंही फुटलं, केतकीताई. बराबर सुटलो."

"मशीन नाही फुटलं. काकांचा पासवर्ड फुटला."

"फरक काय?"

"तुमच्याकडे कुसुमताईंना पासवर्डच लागला नाही. माझ्याकडे गुरुजींना सात पिढ्या लागल्या."

यावर टाळ्या पडल्या. बापूंनी कार्यकारिणीला एका कोपऱ्यात नेलं आणि पाच मिनिटांनी जाहीर केलं: स्थळांची नोंद लिनक्सवर, इंग्रजी अक्षरांत. पुस्तकांची सूची विंडोजवर, मराठीत आणि रंगीत, कारण ती कुणीही उघडावी अशीच आमची इच्छा आहे. आणि वहीच्या पासवर्डात मूळ गाव, कुलदैवत किंवा गुरुजींना ठाऊक असलेली कोणतीही गोष्ट वापरता येणार नाही.

"मग उरतं काय?" कुणीतरी विचारलं.

"तेच तर," बापू म्हणाले. "ज्याचं त्याने शोधावं. चला, पोहे संपवा."

लोक अंगणात पांगले. केतकी यंत्राशी येऊन मला म्हणाली, "काका, संध्याकाळी हे सगळं पुसून पुन्हा नव्याने घालणार आहे. काही ठेवायचं असेल तर सांगा. छापून मात्र देता येणार नाही." तिने उपरण्याला हात लावला नाही. तीही पोहे खायला गेली.

हॉलमध्ये गुरुजी आणि मी राहिलो. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणालो, "गुरुजी, तुम्ही वाचलंत."

"वाचलं. उत्तर चांगलं आहे."

"चांगलं आहे?"

"हो. फक्त यंत्रात आहे. त्या बाईंनी ते वाचायचं कसं? त्यांना केळशी कुठे माहीत आहे?"

मला हसू आलं. आधी थोडं, मग इतकं की मी खुर्चीत बसलो. गुरुजी हसले नाहीत, पण त्यांच्या शेंडीची गाठ हलत होती.

"आज रविवार," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन. त्यांची मुदत तोवरच आहे."

"मग लिहून काढा. मी दाराशी बसतो. कुणी आलं तर गोत्र विचारीन."

ते खरंच दाराशी जाऊन बसले. मी कपाटातून अंतर्देशीय पत्र काढलं. मसुद्यांच्या दिवसांत मी ती बरीच आणून ठेवली होती. उपरणं बाजूला केलं. आता ते पुन्हा माझ्या अक्षरात, माझ्या लिपीत उतरवायचं होतं, आणि "मीराबाई" लिहून झाल्यावर जुना माणूस माझ्यात परत आला. "या" फार उघडं वाटलं. "आपली हरकत नसेल तर" असं काही आधी घालावं का? पाणीपुरवठ्याने सुरुवात करावी का?

"झालं का?" दाराकडून आवाज आला.

"पहिल्या शब्दाशी आहे."

"तिथे दोनच अक्षरं जास्त लिहिलीत तर दिवाळी निघून जाईल."

मी पडद्याकडे बघून, विचार न करता, सूचीचं कार्ड उतरवतात तसं अक्षरन् अक्षर उतरवलं. आठ ओळी. खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वसंत बिनीवाले, आणि कागद चिकटवून टाकला, म्हणजे मलाही परत उघडता येऊ नये.

रविवारी गल्लीतल्या पेट्या उघडत नाहीत. स्टेशनवर रेल्वेच्या डाकघराबाहेर जी पेटी आहे तिचं टपाल मात्र रोज निघतं, हे बापूंनीच कधीतरी सांगितलं होतं. मी फ्रीगंजच्या पुलावरून निघालो. दिव्यांची, आकाशकंदिलांची, चिवड्याच्या पोह्यांची दुकानं दोन्ही बाजूंना लागली होती, रिक्षा अंगावर येत होत्या, आणि मी खिशावर हात ठेवून, कुणी हिसकावेल अशा थाटात चाललो होतो. एका दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. मी हसत होतो. ओळखू यायला वेळ लागला.

पेटीशी पोचलो आणि पत्र अर्धं आत घालून थांबलो. पत्ता बरोबर आहे ना? पिनकोड? बाहेर काढलं, पाहिलं, पुन्हा घातलं. "उशीर सहा महिन्यांचा नाही" हे जरा जास्तच झालं का? पुन्हा बाहेर काढलं. माझ्यामागे एक माणूस हातात पाकिटं घेऊन उभा होता. तो कंटाळून म्हणाला, "बाबूजी, डाल दीजिए. डिब्बा काटेगा नहीं."

"जी," मी म्हणालो, आणि सोडलं. आत खाली पडल्याचा आवाज आला.